न वाजलेला भोंगा

इंद्रजीत करंजावणेच्या खिशात पेन नसायचं, थर्मामीटर असायचा. ताप बघायचा नव्हे. स्टीलची लांब सुई आणि वर छोटा पडदा असलेला, कारखान्यात वापरतात तो. कॅन्टीनचा चहा आला की आधी सुई कपात जायची, मग ओठ. "चहा गार आहे," असं तुम्ही म्हणालात की हा विचारणार, "किती?" आकडा सांगता आला नाही की तुमची तक्रार बाद. एकदा मी डोकं दुखतंय म्हणाले, तेव्हाही त्याने विचारायला तोंड उघडलं होतं. माझा चेहरा बघून मिटलं. मोजता न येणाऱ्या गोष्टी जगात असतात हे त्याला मान्य होतं. फक्त त्यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

आमचा कारखाना धायरीच्या औद्योगिक पट्ट्यात. जनावरांच्या लसी बनवतो. मी माल रवाना करणारी, म्हणजे खोकी, बर्फाच्या पिशव्या आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडण, हे तिन्ही माझ्याकडे. राहते बिबवेवाडीला. रोज कात्रजमार्गे स्कूटरवरून येते आणि जिवंत पोचल्याचा आनंद मानून कामाला लागते. इंद्रजीत उपकरणांचा माणूस. आयटीआय करून लागला तो इथेच मुरला. घर किरकटवाडीला. गाव महापालिकेत गेलं, त्यामुळे कर आला, पाणी यायचं आहे. धरण खडकवासल्याचं, गावापासून हाकेवर, पण ते बघायला. चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या आहेत आणि मधल्या पट्टीत त्याची आई सोजरबाई शेळ्या पाळते. पाळत होती, असं म्हणायला हवं आता.

आमच्या कामाचं थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शेळ्यांना बुळकांडी होते, डॉक्टर तिला पीपीआर म्हणतात. नाकाडोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि बहुतेक वेळा शेवट. त्यावरची लस म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला विषाणू. पातळ स्वरूपात तो टिकत नाही, पाणी काढून टाकावं लागतं, आणि तापवून काढावं तर तो मरतो. म्हणून काचेच्या छोट्या कुप्या आधी कडक गोठवायच्या आणि मग ड्रायरच्या बंद पेटीतली हवा उपसून काढायची. तशा पोकळीत बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन निघून जातो. तळाला उरते बत्ताशासारखी पांढरी, हलकी वडी. ती नीट कोरडी झाली तर लस महिनोन्‌महिने टिकते. आत ओल राहिली तर दिसते तशीच गोंडस, पण विषाणू हळूहळू मरत जातो. वापरणाऱ्याला काही कळत नाही.

पूर्वी हे सगळं घड्याळावर चालायचं. इतके तास ठेवा, वर थोडे जास्त ठेवा, देवाचं नाव घ्या. मग नवी यंत्रणा आली आणि तिच्याबरोबर एक सेन्सर आला. बोटाएवढा, पेटीच्या भिंतीत फिरवून बसवायचा. पेटीत अजून वाफ किती आहे ते तो क्षणोक्षणी सांगायचा. वाफ थांबली म्हणजे कुप्या वाळल्या, आणि मग यंत्र आपणहून पुढच्या टप्प्याला जायचं. इंद्रजीत त्याला 'नाक' म्हणायचा, आणि मग सगळेच म्हणायला लागले. "शेफालीताई," तो मला सांगायचा, "आता घड्याळाला विचारायचं नाही. लस स्वतः सांगते, मी वाळले." एवढा खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्या नाकाला तो जपायचा किती! दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही. पुसायचं ते त्यानेच, आणि तेही जागेवरच. देवस्थळी आमचे कारखाना व्यवस्थापक, अनिरुद्ध देवस्थळी, त्यांनी एकदा कुतूहलाने बोट लावलं, तर हा साहेबांच्या तोंडावर म्हणाला, "सर, हात धुतलेत का?"

गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे उत्पादन बंद, आणि ज्याने त्याने आपलं हत्यार पूजेला ठेवायचं. फिटरचे पाने, कॅन्टीनचा झारा, माझं टेप कापायचं कटर. ड्रायरला झेंडूचा हार घालायचं ठरत होतं, तर इंद्रजीत म्हणाला, "हार पेटीला कशाला? काम तर नाक करतं." त्याने नाक फिरवून काढलं, वायर सोडवली, आणि ताम्हणात विड्याच्या पानावर नेऊन ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. मालकांच्या मातोश्री मुद्दाम आरतीला आल्या होत्या. त्यांनी निरांजन उचललं आणि भोंगा वाजला.

भोंगा म्हणजे काय भोंगा. यंत्रणेच्या लेखी नाक तुटलं होतं, आणि नाक तुटलं की तिने बोंब मारायची अशीच तिची घडण. मातोश्रींच्या हातातलं निरांजन हिंदकळलं. देवस्थळी दातओठ खात म्हणाले, "करंजावणे, आधी तो आवाज बंद करा." इंद्रजीत धावत काचेपलीकडच्या खोलीत यंत्रणेच्या पडद्यापाशी गेला, भोंगा थांबला, आरती सुरू झाली, की पुन्हा बोंब. दुसऱ्यांदा त्याने पडद्यावर काहीतरी आणखी केलं आणि भोंगा कायमचा गप्प झाला. आरती झाली, पेढे झाले, दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. सुट्टीनंतर त्याने नाक रुमालाने पुसून, कुंकवाचा कणही राहू न देता, पुन्हा जागेवर बसवलं.

पुढचं वर्ष झक्कास गेलं. मागणी वाढली, पेटीतले ट्रे गच्च भरून लावले जाऊ लागले, तरी एकही बॅच बिघडली नाही. वाळण्याचे आलेख तर असे, की एकावर एक ठेवावेत आणि एकच रेघ दिसावी. देवस्थळींनी ते कुठल्याशा परिषदेत मोठ्या पडद्यावर दाखवले. टाळ्या पडल्या म्हणे. कारखान्याच्या वर्धापनदिनी इंद्रजीतला 'सातत्य' या गुणासाठी स्मृतिचिन्ह मिळालं, काचेचं, आत निळा थेंब असलेलं. ते त्याने घरी टीव्हीवर ठेवलं. मीच म्हणाले होते, "आता निदान चहात सुई घालणं सोडा. सन्मान्य माणूस झालात." तो हसला आणि सुई घातली.

आता पोपटचं सांगायला हवं. पोपट हा इंद्रजीतचा लहानपणापासूनचा मित्र, गावातलाच. जनावरांना लसी टोचायचं प्रशिक्षण घेऊन किरकटवाडी आणि आसपासच्या वाड्यांवर फिरायचा. गळ्यात बर्फाचा थर्मास, हातात सिरिंजची पेटी. हात हलका. शेळी ओरडायच्या आत सुई बाहेर, असं सोजरबाई कौतुकाने सांगायची. लस तो आमचीच घ्यायचा, कारण इंद्रजीतने मित्राला दुसऱ्या कुणाची घेऊच दिली नसती. यंदाही पावसाळ्याच्या तोंडावर त्याने सगळ्यांच्या शेळ्या टोचल्या. सगळ्यांत आधी सोजरबाईच्या.

श्रावणात शेळ्या मरायला लागल्या. आधी सोजरबाईची चंद्री गेली, मग तिची पाठ, म्हणजे मादी करडू, मग गाभण होती ती. शेजारच्यांच्याही गेल्या. मी एकदा फाइल द्यायला म्हणून इंद्रजीतच्या घरी गेले होते, तेव्हा सोजरबाई एका शेळीच्या तोंडाला मध लावत बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "टोचल्याल्या हाईत हो ताई, समद्या टोचल्याल्या हाईत."  संध्याकाळपर्यंत तीही गेली.

लस टोचूनही शेळी मेली, तर दोष कुणाचा? आमच्या कंपनीकडे याचं ठरलेलं उत्तर होतं. बाहेरगावाहूनही एक-दोन तक्रारी आल्या होत्या, त्यांना आमचे विक्रीवाले तेच सांगत होते, की औषध थंड ठेवलं नसेल तुम्ही. इंद्रजीतने तर पुरावाच काढला. गावात देवळासमोर माणसं जमली होती, पोपट हात जोडून सांगत होता की बर्फ होता, नियमाने होता. इंद्रजीतने सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यातल्या थर्मासचं झाकण उघडलं आणि आत सुई घातली. छोट्या पडद्यावर आकडा आला. नको तेवढा गरम.

"आज बर्फ भरलाच न्हाई रं," पोपट म्हणाला, "आज कुटं टोचाय निघालोय मी? त्या दिवशी व्हता."

"आकडा दिसतोय," इंद्रजीत म्हणाला. "आमची लस मी माझ्या डोळ्यांनी वाळताना बघतो, पोपट. प्रत्येक बॅच. तिच्यात चूक न्हाई. चूक तुझ्या गळ्यात हाय."

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी म्हणाले, "अहो, पण टोचून महिने झाले. आजच्या थर्मासवरून त्या दिवशीचं कसं कळणार?" तो म्हणाला, "सवय कळते ना, ताई." मला ते पटलं नाही, पण वाद घालत बसायला वेळ नव्हता, मालाची गाडी भरायची उभी होती. गावाने मात्र मानलं. पडद्यावरचा आकडा सगळ्यांनी पाहिला होता. पोपटला कुणी बोलवेना. भाद्रपद उतरेपर्यंत तो गाव सोडून बिबवेवाडीच्या एका सोसायटीत गेटवर रखवालदार म्हणून लागला.

आणि यंदाची खंडेनवमी आली.

देवस्थळींनी आदल्या दिवशीच बजावलं, "करंजावणे, या वर्षी तो भोंगा नको. मातोश्री येणार आहेत."

"एकदा वाजेल, सर," इंद्रजीत म्हणाला. "मी पडद्यापाशी उभाच राहतो. वाजला की लगेच दाबतो."

सकाळी सगळी तयारी झाली. इंद्रजीतने नाक काढलं, वायर सोडवून लोंबती ठेवली, नाक ताम्हणात पानावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि काचेपलीकडच्या खोलीत पडद्यापाशी जाऊन उभा राहिला. बटणावर बोट ठेवून. मातोश्रींनी निरांजन उचललं. टाळ्या सुरू झाल्या. मी त्याच्याकडेच बघत होते, कारण भोंग्याने दचकायचं नाही असं मी ठरवलं होतं.

भोंगा वाजला नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. देवस्थळींनी मान वळवून त्याला अंगठा दाखवला, शाबास. इंद्रजीतने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो पडद्याकडे बघत होता. मग काचेतून ताम्हणाकडे. मग पुन्हा पडद्याकडे. त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं याला झटका येतोय. मी टाळ्या वाजवायची थांबले.

तो बाहेर आला, आरती चालू असताना गर्दीतून वाट काढत पुढे गेला आणि ताम्हणातून नाक उचललं. मातोश्री थबकल्या. आरती अर्ध्या ओळीवर तुटली.

"करंजावणे! काय करताय?" देवस्थळी ओरडले.

"सर, नाक इथं आहे," त्याने हात वर केला. बोटांना कुंकू लागलं होतं. "वायर तिथं लोंबतीय. आणि पडदा म्हणतोय, सेन्सर चालू, ओलावा नाही. नाक जर इथं आहे, तर आत वास कोण घेतंय?"

कुणाला काही कळलं नाही. मलाही नाही. 

मग त्याने तिथेच, मातोश्रींच्या पुढ्यात, सगळं सांगितलं. त्या यंत्रणेत नव्या माणसांना शिकवायला म्हणून एक 'सराव' असतो. तो लावला की पडदा खऱ्या नाकाकडे बघतच नाही. यंत्र बसवताना पुरवठादाराने घेतलेल्या एका जुन्या बॅचची नोंद जशीच्या तशी दाखवत राहतो, आणि यंत्रही तिच्यावरच चालतं. सरावात भोंगा वाजत नाही. गेल्या खंडेनवमीला आरती बिघडू नये म्हणून त्याने घाईत सराव लावला होता. नंतर नाक बसवलं, पुसून बसवलं, आणि सराव काढायचा राहिला. कुंकवाचा कण पाहिला त्याने, तो एक शब्द नाही पाहिला. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तो वर्षभर लिहिलेला होता.

म्हणजे वर्षभर नाक बिचारं आत बसून खरं तेच सांगत होतं आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. वर्षभर प्रत्येक बॅच त्या एका जुन्या बॅचच्या तालावर थांबत होती. आणि ती जुनी बॅच चाचणीची, अर्धे ट्रे रिकामे ठेवून घेतलेली. आमचे ट्रे गच्च भरलेले. दाराजवळच्या कुप्या वाळायच्या, कारण त्या तशाही आधी वाळतात. तपासणीला हात पोचतो म्हणून त्याच जायच्या, आणि पास व्हायच्या. मधल्या कुप्या ओल्या राहायच्या. एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसते, ते आलेख! ती खरोखरच एक रेघ होती. आम्ही तिला टाळ्या वाजवल्या होत्या, काचेचा थेंब दिला होता.  इतका मोठा मूर्खपणा इतक्या शहाण्या माणसांच्या देखत वर्षभर चालू शकतो, यावर माझा विश्वासच बसेना.

"आत्ता कुणी कुणाशी काही बोलणार नाही," देवस्थळी म्हणाले.  "आधी इंटर्नल चौकशी होईल. मग बघू."

मातोश्रींच्या हातात निरांजन तसंच होतं. त्यांनी इंद्रजीतला विचारलं, "म्हणजे औषध कच्चं गेलं का रे बाहेर?"

देवस्थळी म्हणाले, "तसं आत्ताच म्हणता येणार नाही, आई."

"गेलं, आजी," इंद्रजीत म्हणाला. "माझ्यामुळं गेलं."

ते चारचौघांत, देवासमोर बोलून झाल्यावर झाकायला काही उरलंच नाही. प्रत्येक बॅचच्या काही कुप्या आम्ही राखून ठेवतो, त्या काढल्या. पुढच्या ओळीतल्या धडधाकट निघाल्या. मधल्या ओळींतल्या काहींत निम्मा जीव होता, काहींत नावालाही नाही. दिसायला सगळ्या सारख्या, पांढऱ्या शुभ्र. विक्रीवाल्यांनी ज्यांना 'थंड ठेवलं नसेल तुम्ही' असं सांगितलं होतं त्यांना मी स्वतः फोन केले. एका बाईने सगळं ऐकून फक्त विचारलं, "मग आम्ही त्या डॉक्टरला शिव्या दिल्या त्याचं काय?" मला फोन ठेवायचं सुचेना. माल परत यायला लागला. इंद्रजीतला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

घरी बसला नाही तो. माझ्याकडे आला, रवानगीच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. खिसा रिकामा होता, हे माझ्या लक्षात आलं.

"नोकरी जाईल का हो?" मी विचारलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "ताई, बिबवेवाडीत पोपट कुठल्या गेटवर आहे ते शोधायला याल का? मला एकट्याला पत्ता विचारायचं धाडस होत नाहीये."

मी त्याला स्कूटरवर मागे बसवून नेलं.  सोसायटी सापडली. गेटवर पोपट निळ्या गणवेशात खुर्चीवर बसला होता. गणवेश त्याला मोठा होत होता. आम्हाला बघून तो उठला आणि सवयीने म्हणाला, "कोनाकडं जायचंय?" मग त्याने इंद्रजीतला ओळखलं आणि खाली बसला.

इंद्रजीतने उभ्या उभ्या सांगितलं. नाक, सराव, भोंगा, सगळं. काहीही मऊ केलं नाही. शेवटी म्हणाला, "तुझा हात चुकला न्हाई. तुझा बर्फ चुकला न्हाई. मी चुकलो, पोपट. देवळासमोर मी जे केलं ते खोटं व्हतं."

मला वाटलं पोपट चिडेल, शिवी देईल, एखादी ठेवून देईल. द्यायलाच हवी होती.  एक गाडी आली, तिला पोपटने फाटक उघडून दिलं, परत येऊन बसला.

"म्हंजी बर्फ व्हता," तो म्हणाला.

"तू तर सांगतच व्हतास."

"मी सांगत व्हतो," पोपट म्हणाला, "पन नंतर मलाच वाटाय लागलं, नसंल. तुझा आकडा समद्यांनी बगितला. मला रातीला झोपच येईना. म्हनलं, एखाद्या दिशी बर्फ कमी पडला आसंल, आपल्याला ध्यान नसंल. तुझ्या काट्यावर माझा माझ्यापरीस जास्ती इस्वास बसला, इंदर." मग त्याने वडिलांचं काढलं. "दादा तवा आजारी व्हते. म्हनले, लोकांच्या मुक्या जीवांचं पाप डोक्यावर घिऊन ऱ्हाऊ नगंस, माफी माग जा. मी मागितली. ज्याच्या ज्याच्या शेळ्या मेल्या त्याच्या दारात गेलो. घरोघर. म्हनलो, चुकलं माझं. तुझ्या आईच्याबी दारात गेलो."

इंद्रजीतने माझ्याकडे बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. आईने सांगितलंच नव्हतं.

"दादांना सांगितलं, माफी मागून आलो. त्यास्नी बरं वाटलं. चार दिसांनी गेले." पोपट गणवेशाच्या बाहीशी चाळा करत होता. "माझ्यामुळंच समदं झालं, आसं मनात धरून गेले की रं ते."

मी दुसरीकडे बघायला लागले. रस्त्यावर भाजीची गाडी होती, रिक्षा होत्या, सगळं नेहमीचं होतं, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. मेलेल्या माणसाला आता कोण सांगणार? आमच्याकडे परत बोलवायची सोय होती, पण ती कुप्यांची.

"चल गावात," इंद्रजीत म्हणाला.  "देवळासमोर समद्यांना बोलवतो. तू नुसता उभा ऱ्हा. मी सांगतो."

पोपटने मान हलवली. "देवळासमोर नगं. आन् मीबी येनार न्हाई. मी घरोघर गेलो व्हतो, येकटा गेलो व्हतो. तू बी तसाच जा."

आम्ही निघालो. मी त्याला किरकटवाडीला सोडलं. पोपटचं म्हणणं लक्षात ठेवून मी अंगणाबाहेर स्कूटरवरच बसून राहिले, पण अंगण केवढंसं, सगळं ऐकू येत होतं. ज्याच्या ज्याच्या शेळ्या मेल्या त्याच्या दारात जायचं, तर पहिलं दार त्याचं स्वतःचंच होतं.

सोजरबाई रिकाम्या गोठ्याच्या कडेला शेंगा फोडत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि बोलायला लागला. तिला सेन्सर कळला नसेल, सराव कळला नसेल. पण माणूस कशाबद्दल रडतोय हे तिला कळत होतं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजी पोपटाचा हात चांगला व्हता?" तिने विचारलं.

"व्हय, आई."

"आन् शेळ्या तुमच्या औषदानं गेल्या?"

"औषदात जीवच नव्हता, आई. माझ्या हातनं झालं."

 मी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं होतं, ते घट्ट धरून बसले होते.

"त्यो आला व्हता रं," सोजरबाई म्हणाली. "हितंच आला व्हता. बाप तिकडं मरनाला टेकल्याला आन् ह्यो हितं माझ्या पायाशी वाकला. म्या पाय मागं घेतलं. म्हनलं, नीघ, माझ्या उंबऱ्यात उभा ऱ्हाऊ नगंस. लेकरावानी वाढलं व्हतं माझ्या दारात त्ये. खाली मान घालून गेलं." तिने पदर तोंडाशी धरला. "आता म्या त्याच्या म्होरं कंच्या तोंडानं जाऊ, सांग की रं. तुला समदं मोजाय येतंय, ह्ये सांग की."

 इंद्रजीत उठला, चपला घातल्या आणि शेजारच्या घराचं दार वाजवायला गेला.